इटली पाहायची तर लोकांच्या गाडीने पाहा!

परदेशी जाणे ही आता मूठभरांची मिरास राहिलेली नाही. शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेली मुले-मुली, त्यांना भेटायला निघालेले आईवडील, निवृत्तीच्या पैशातून एकदा युरोप पाहून येऊ म्हणणारी नोकरदार जोडपी, अशी आपली माणसेही आज विमानतळावर दिसतात. त्यांच्यापैकी कुणी इटलीचे नाव काढले की जाणकार म्हणवणारे एक सल्ला हमखास देतात. “तिकडे मोटार भाड्याने घ्या. हाताशी गाडी नसेल तर इटली दिसत नाही.” हा सल्ला खिशाला महाग आहे आणि पुष्कळ ठिकाणी निरुपयोगीही आहे. त्यामागे जो विचार दडलेला आहे, तो तर अधिकच तपासून पाहण्यासारखा आहे.

तो विचार असा की, रेल्वे आणि बस ही ज्यांना मोटार परवडत नाही त्यांची सोय, आणि मोटार ही प्रतिष्ठा. परदेशात जाऊन बसच्या रांगेत उभे राहिलो हे गावाकडे सांगायचे तरी कसे, असा संकोच आपल्यातही शिरलेला आहे. इटलीतले वास्तव काय आहे, ते आधी पाहू.

तुरिन, मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स आणि सालेर्नो ही शहरे वेगवान रेल्वेच्या एकाच कण्याने जोडलेली आहेत. रोम ते मिलान हे सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचे अंतर रेल्वे तीन तासांच्या आसपास कापते. मोटारीने त्याला सहा तास लागतात, शिवाय टोल वेगळा. रोमहून फ्लॉरेन्स दीड तासावर आणि नेपल्स सव्वा तासाच्या आत. या मार्गावर सरकारी त्रेनितालियाच्या ‘फ्रेच्चारोस्सा’ गाड्या धावतात आणि २०१२ पासून ‘इतालो’ या खासगी कंपनीच्याही. दोघांचेही भाडे विमानासारखे वरखाली होते. महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्याला ते स्वस्त पडते, ऐनवेळी जाणाऱ्याला दुपटीने महाग.

सामान्य इटालियन माणसाची रोजची गाडी मात्र वेगळी आहे. तिचे नाव ‘रेजोनाले’, म्हणजे प्रादेशिक गाडी. तिचे भाडे अंतरावर ठरते. महिनाभर आधी घ्या की गाडी सुटण्याच्या पाच मिनिटे आधी घ्या, किंमत तीच. आरक्षणाची गरज नाही. वेगवान गाडीने सव्वा तासात होणारा रोम-नेपल्स प्रवास हिने अडीच-तीन तासांचा होतो; पण कामावर जाणारी परिचारिका, महाविद्यालयाचा विद्यार्थी, बाजारहाट करून परतणारी आजी, हे सगळे तुमच्या शेजारी बसलेले असतात. इटली पाहायची असेल तर तीही इटलीच आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या गाडीचे कागदी तिकीट घेतले तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. मोबाईलवर तिकीट घेतले तर प्रवासापूर्वी ‘चेक-इन’ करावे लागते. हे विसरले तर पैसे भरूनही दंड बसतो. शहरातील बसचेही असेच आहे. तिकिटे ‘तबाक्की’ म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात किंवा वृत्तपत्रांच्या टपरीवर मिळतात आणि बसमध्ये चढल्यावर त्यांवर शिक्का मारायचा असतो. रोममध्ये २०१२ साली हे तिकीट दीड युरोचे झाले आणि त्यावर शंभर मिनिटे बस बदलत फिरता येते.

आता मोटार घेतलेल्या पर्यटकाचे काय होते ते पाहा. आपल्या भारतीय परवान्यासोबत त्याला आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही लागतो. तो महामार्गावर टोल भरतो. शहरात शिरताना त्याला ‘झेड.टी.एल.’ अशी पाटी दिसते, किंवा दिसतच नाही. ही मर्यादित वाहतुकीची हद्द. जुन्या शहराच्या गाभ्यात बाहेरच्या मोटारींना ठरावीक वेळी किंवा कायमची बंदी असते आणि वेशीवर कॅमेरे बसवलेले असतात. पर्यटक आनंदाने आत शिरतो, वाट चुकून दोनदा शिरतो, आणि घरी परतल्यावर कित्येक महिन्यांनी दोन वेगवेगळे दंड त्याच्या पत्त्यावर येतात. गाडी भाड्याने देणारी कंपनी पोलिसांना त्याचे नाव कळवण्याचे शुल्क वेगळे कापून घेते. गाडी उभी करायची तर निळ्या रेषांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि पिवळ्या रेषांची जागा रहिवासी, अपंग अशा राखीव वाहनांसाठी असते. व्हेनिसमध्ये तर मोटार शहराच्या तोंडाशीच सोडावी लागते. पुढे पायी जायचे किंवा ‘वापोरेत्तो’ या सार्वजनिक बोटीने.

ही बंदी पर्यटकाला छळण्यासाठी घातलेली नाही. इटलीत दर शंभर माणसांमागे सुमारे ६९ मोटारी आहेत. युरोपीय संघात हे प्रमाण सर्वांत वरच्या देशांत मोडते. या मोटारींनी आपल्याच गल्ल्या, आपलीच फुप्फुसे आणि आपल्याच मुलांचे खेळणे गिळले, हे तिथल्या शहरांना उशिरा का होईना उमगले. सिएना शहराने १९६० च्या दशकातच आपला गाभा मोटारींना बंद केला. १९७० च्या दशकात बोलोन्याच्या डाव्या नगरपालिकेने कामावर जाण्या-येण्याच्या गर्दीच्या वेळी बसप्रवास मोफत करून पाहिला. रस्ता कुणाचा, या प्रश्नाला त्या शहरांनी दिलेले हे उत्तर होते. रस्ता चालणाऱ्याचाही आहे!

रेल्वे नाही तिथे बस असते आणि कधी कधी बसच अधिक सोयीची पडते. फ्लॉरेन्सहून सिएनाला जायचे तर रेल्वे टेकडीच्या पायथ्याशी सोडते, बस थेट जुन्या शहराच्या तोंडाशी. चिंक्वे तेर्रेची समुद्रकाठची पाच गावे ला स्पेत्सिया ते लेवांतो या रेल्वेवर अक्षरशः काही मिनिटांच्या अंतराने आहेत. तिथे मोटार म्हणजे गळ्यातले लोढणे. सिसिलीला जाणारी गाडी तर समुद्रही ओलांडते. व्हिल्ला सान जोव्हान्नीला तिचे डबे जहाजात चढवतात आणि मेस्सिनाला उतरवतात. अपंग आणि वृद्ध प्रवाशांना मोठ्या स्थानकांवर ‘साला ब्लू’ या कक्षातून गाडीत चढण्या-उतरण्याची मदत मोफत मिळते. ती आधी कळवून ठेवावी लागते.

यावर आक्षेप येतील. पहिला, तिकडे सारखे संप होतात. होतात, खरे आहे. संपाचा हक्क इटलीच्या संविधानाच्या चाळिसाव्या कलमाने दिलेला आहे. मात्र १९९० च्या कायद्याने अत्यावश्यक सेवांतील संप आधी जाहीर करावा लागतो आणि किमान सेवा चालू ठेवावी लागते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरलेल्या प्रादेशिक गाड्या सुटतात. कामगाराचा हक्क आणि प्रवाशाची गरज यांचा मेळ कायद्याने घालता येतो, याचे हे उदाहरण आहे. प्रवाशाने संपाची तारीख आधी पाहून ठेवावी, एवढेच.

दुसरा आक्षेप, मोटारीशिवाय खेडी दिसत नाहीत. यात तथ्य आहे. तोस्कानातील द्राक्षमळ्यांची वस्ती किंवा सार्डिनियाचा अंतर्भाग इथे दिवसातून दोन-तीनच बस असतात आणि रविवारी त्याही नसतात. तिथे चौघांनी मिळून एक-दोन दिवस गाडी घेतली तर कुणी नावे ठेवणार नाही. पण त्यासाठी पंधरा दिवस मोटार दारात उभी ठेवण्याचे कारण काय?

तिसरे एक वाक्य आक्षेप म्हणून नव्हे, कौतुक म्हणून फेकले जाते. “मुसोलिनीने इटलीतल्या गाड्या वेळेवर आणल्या.” हुकूमशाहीची भलामण करणाऱ्यांचे हे जगभरातले आवडते वाक्य आहे. इतिहास काय सांगतो? रेल्वेचे राष्ट्रीयीकरण १९०५ साली, म्हणजे मुसोलिनी सत्तेवर येण्याच्या सतरा वर्षे आधी झाले. पहिल्या महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या रेल्वेची दुरुस्तीही १९२२ पूर्वीच सुरू झाली होती. श्रेय मात्र फॅसिस्टांच्या प्रचारयंत्रणेने लाटले आणि त्या काळात प्रवास केलेल्यांनी गाड्यांना उशीर होत असल्याचे लिहून ठेवले आहे. लोकशाहीत गाडी उशिरा आली तर प्रवासी तक्रार करतो, वर्तमानपत्र छापते. हुकूमशाहीत तक्रारच छापली जात नाही, म्हणून गाडी वेळेवर येते!

आणि तक्रारीला जागा आहेच. सार्वजनिक वाहतुकीचे गुणगान करताना तिच्यातली विषमता झाकून ठेवणे हा अप्रामाणिकपणा होईल. वेगवान रेल्वेचे खास रूळ सालेर्नोला संपतात. पुढे दक्षिणेकडे गाड्या जातात, पण जुन्या मार्गावरून. सालेर्नोच्या थोडे पुढेच एबोली आहे. फॅसिस्ट राजवटीने १९३५ साली तुरिनच्या कार्लो लेव्ही या डॉक्टर-चित्रकाराला दक्षिणेच्या एका दुर्लक्षित भागात स्थानबद्ध केले. त्या अनुभवावरच्या त्यांच्या १९४५ च्या पुस्तकाचे नावच ‘ख्रिस्त एबोलीला थांबला’ असे आहे. रस्ता आणि रेल्वे जिथे वळण घेऊन दूर जातात, तिथून आतल्या माणसांपर्यंत राज्य, न्याय, औषध यांतले काहीच पोहोचत नाही, हा त्या नावाचा अर्थ. आज वेगवान रूळही एबोलीच्या अलीकडेच थांबले आहेत!

त्याच प्रदेशातले मातेरा पाहा. तिथल्या गुहांमध्ये माणसे जनावरांसोबत राहत होती. १९५२ च्या कायद्याने त्यांना बाहेर काढले गेले. त्याच गुहा पुढे जागतिक वारसा ठरल्या आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले. त्या वर्षीसुद्धा राष्ट्रीय रेल्वेचा रूळ या शहरात पोहोचलेला नव्हता. बारीहून अरुंद रुळांची प्रादेशिक गाडी तेवढी येत होती. शेजारच्या पुल्यात १२ जुलै २०१६ रोजी आंद्रिया आणि कोरातोच्या दरम्यान दोन गाड्या समोरासमोर आदळून २३ माणसे मेली. एकेरी मार्ग होता आणि स्थानकांतले कर्मचारी एकमेकांना फोनवर कळवून गाड्या सोडत होते. उत्तरेत ताशी तीनशे किलोमीटरने गाड्या पळत असताना दक्षिणेत सुरक्षा फोनवर चालत होती. १९९७ पासून प्रादेशिक गाड्यांचा कारभार प्रांतांकडे आहे. श्रीमंत प्रांत जास्त गाड्या चालवू शकतो, गरीब प्रांत कमी. नेपल्सहून पॉम्पेई-सोरेंतोकडे जाणाऱ्या चिर्कुमवेसुव्हियानाच्या गर्दीत उभे राहिले की हा हिशेब पुस्तकाविना कळतो.

बस नसण्याची सर्वांत मोठी किंमत मात्र पर्यटक मोजत नाही. ती शेतमजूर मोजतो. दक्षिणेतल्या टोमॅटोच्या शेतांवर राबणारे आफ्रिकी, आशियाई आणि पूर्व युरोपीय मजूर शहरापासून दूर झोपड्यांत राहतात. शेतापर्यंत जायला सार्वजनिक गाडी नाही. मग ‘कापोराले’ म्हणजे मुकादम आपल्या व्हॅनमध्ये त्यांना कोंबून नेतो आणि त्याचे भाडे मजुरीतून कापून घेतो. ज्याच्या हाती गाडी, त्याच्याच हाती काम. ऑगस्ट २०१८ मध्ये फोज्जा जिल्ह्यात अशा व्हॅनचे दोन दिवसांच्या अंतराने दोन अपघात झाले आणि शेतावरून परतणारे सोळा मजूर ठार झाले. मुकादमी शोषणाविरुद्ध २०१६ चा कडक कायदा तोवर आलेला होता. पण मजुराला शेतापर्यंत नेणारी बस कायद्याच्या कलमातून सुटत नाही. ती कुणीतरी चालवावी लागते. पहाटे चारला एक सरकारी बस त्या वस्तीवरून निघाली, तर मुकादमाच्या सत्तेचा एक पाय तिथेच मोडेल.

इटलीचे संविधान १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आले. त्याचे तिसरे कलम केवळ समानता जाहीर करून थांबत नाही. नागरिकांचे स्वातंत्र्य आणि समता प्रत्यक्षात अडवणारे आर्थिक-सामाजिक अडथळे दूर करणे हे प्रजासत्ताकाचे कर्तव्य आहे, असे ते बजावते. संविधान वाचणाऱ्या आपल्या वाचकांना या वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको. गावात बस न येणे हा असाच एक अडथळा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय आणि काम यांच्यापर्यंत पोहोचताच आले नाही, तर कागदावरच्या हक्कांचे करायचे काय?

तेव्हा वाचकहो, इटलीला जाण्याचा योग आला तर मोटारीच्या किल्ल्या मागू नका. तिकीट काढा, शिक्का मारा आणि लोकांमध्ये बसा. पैसे वाचतील, दंड टळेल, ते ठीकच. पण जी रेल्वे रोमच्या भव्य स्थानकात झळकते आणि एबोलीच्या अलीकडे रेंगाळते, तिच्यात बसूनच त्या देशाची प्रगती कुणासाठी आहे ते दिसते. मोटारीच्या काचेतून फक्त देखावा दिसतो. गाडीत शेजारी बसलेला माणूस देश दाखवतो.