एका पराभवात हंगाम संपू नये

शालेय फुटबॉलची वाट तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते आणि ती जवळजवळ सगळी बाद पद्धतीची असते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीसारख्या किनाऱ्यावरच्या गावातला एखादा संघ या वाटेवर उतरला आणि पहिलाच सामना हरला, तर त्या मुलांचा फुटबॉल त्या वर्षापुरता संपतो. आठ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सात सामने होतात. त्यांतल्या चार संघांच्या वाट्याला एकच सामना येतो, दोघांच्या वाट्याला दोन आणि अंतिम फेरीतल्या दोघांना तीन. हेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले तर अठ्ठावीस सामने होतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक संघ सात वेळा मैदानात उतरतो. खेळ खेळूनच येतो हे मान्य असेल, तर मुलांसाठी कोणती पद्धत हवी हे या आकड्यांतच दिसते. सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या राष्ट्रीय फेरीत आधी गटसाखळी असते. म्हणजे जो संघ सगळ्या पायऱ्या चढून तिथवर पोहोचला, त्याला हरल्यावर सावरायची संधी मिळते. ज्या नवख्या संघाला तिची खरी गरज असते, तो मात्र तालुक्यातूनच घरी परततो. ही व्यवस्था उलटी आहे आणि ती बदलायला हवी.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न मोठ्यांच्या फुटबॉलला पडला होता. एफए चषक 1871 साली सुरू झाला, पण तो बाद पद्धतीचा. लवकर हरलेल्या क्लबला उरलेला हंगाम मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढावा लागे आणि ते सामने ऐनवेळी रद्द होत. अ‍ॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांनी 1888 च्या मार्चमध्ये काही क्लबांना पत्रे पाठवून ठरावीक सामन्यांच्या साखळीची कल्पना मांडली. सप्टेंबरात बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्या हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंडने बावीस सामन्यांपैकी अठरा जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या वर्षीचा गुणतक्ता जपला गेला. विजेत्याचे नाव चषकावरही कोरले जाते, पण सातव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या संघाने वर्षभर काय केले याची नोंद फक्त गुणतक्ता ठेवतो. क्लबचा इतिहास अशा नोंदींच्या थरांवरच उभा राहतो.

आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण कोल्हापूर. क्रीडा खात्याच्या विभागणीत रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागातच येतो, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातून पुढे गेलेल्या संघासमोर उभे राहतात ते याच फुटबॉलवेड्या शहराच्या परिसरातले संघ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या घराघरांतली नावे. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, पेठेपेठेने आपला संघ जोपासला. तिथला हंगाम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगने सुरू होतो आणि चषकांच्या स्पर्धा त्यानंतर येतात. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला, त्यामागे त्याची गुणवत्ता आणि क्रीडा प्रबोधिनीतले प्रशिक्षण होते, तशी या शहराची फुटबॉलची सवयही होती. ही सवय एका दिवसाच्या चषकाने लागत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना आहे, या खात्रीने ती लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मुलांच्या मनाचा. गुणतक्ता लावला की तळाच्या संघातली मुले खचतात, पालक आणि प्रशिक्षक जिंकण्यासाठी हट्टाला पेटतात, सगळ्यांत धिप्पाड मुलगाच दर वेळी खेळवला जातो. हा आक्षेप खरा आहे. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबले आहेत, तेव्हा ईर्षेचे दुसरे टोकही आपल्याला माहीत आहे. पण त्यावरचे उत्तरही अनुभवातून आले आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2012 साली बालफुटबॉलचे नियम बदलले. सात-आठ वर्षांखालच्यांसाठी पाच जणांचे संघ, नऊ-दहाखाली सात, अकरा-बाराखाली नऊ आणि त्यानंतर पूर्ण अकरा अशी चढण ठरली. अकरा वर्षांखालील गटांपर्यंत निकाल आणि गुणतक्ते प्रसिद्ध करायचे नाहीत, असेही ठरले. सामने बंद झाले नाहीत, लहानग्यांच्या डोक्यावरचा क्रमांकाचा भार तेवढा उतरला. आपणही अशीच रेषा आखावी. बाराच्या आतल्यांना साखळी द्यावी पण क्रमवारी देऊ नये. त्यापुढच्यांना दोन्ही द्यावे, कारण त्या वयात आपण कुठे आहोत हे कळण्याची भूक असते आणि ते पचवण्याची ताकदही येते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मैदानांचा. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, दापोली ही नावे नकाशावर जवळ दिसली तरी खाड्या आणि घाटवळणांनी अंतर वाढते, एसटीची वेळ सांभाळावी लागते. म्हणून प्रत्येक सामन्यासाठी वेगळा प्रवास ठेवू नये. महिन्यातून दोनदा एका गावी सगळे संघ जमावेत, प्रत्येकाने कमी वेळाचे दोन सामने खेळावेत. सहा संघांची पूर्ण साखळी पंधरा सामन्यांची, ती अशा तीन दिवसांत संपते. पावसाळ्यात चिखल असतो, तर हंगाम भातकापणीनंतर घ्यावा. मैदान नसेल तिथे पुळण आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते आणि किनारा रुंद होतो. तिथीवरून भरतीची वेळ काढणाऱ्या गावांना सामन्यांचे वेळापत्रक जड जायला नको.

कोकण कबड्डी-क्रिकेटचा, इथे फुटबॉल कशाला, असेही विचारले जाईल. त्या खेळांना कमी लेखण्याचे कारण नाही, आणि साखळीची गरज त्यांच्या कुमार गटांनाही आहेच. बाद स्पर्धेची रंगत कुणाला हवी असेल तर हंगामाच्या शेवटी चषक ठेवावा. फक्त तो वर्षभराच्या फुटबॉलची जागा घेणारा नसावा.

चषकासाठी देणगीदार आपल्या गावांत मिळतात. मुंबईकर मंडळे त्यात पुढे असतात. त्यांना एक विनंती आहे. यंदा मोठ्या चषकाऐवजी दोन चेंडू, एक शिट्टी आणि एक जाड वही द्या. प्रत्येक सामन्याचा निकाल, खेळलेल्या मुलांची नावे आणि गोल त्या वहीत शाळेतल्या किंवा मंडळातल्या एका जबाबदार माणसाने लिहावेत. दहा वर्षे ही वही नेमाने चालली, तर गावाकडे फुटबॉल खेळणारी एक पिढी असेल आणि आपल्या क्लबचा लिहिलेला इतिहासही असेल.