भावा, समोरून विकतंय कोण?

तुमच्या ग्रुपमध्येही असा एक जण असणारच. डीमॅट उघडून सहा महिने झालेत, टपरीवर चहाची उधारी आहे, पण ‘ग्राफीन’ हा शब्द निघाला की गडी सरसावून बसतो. ‘‘शेअर तीन रुपयांचा आहे रे, तिनाचे तीस झाले तरी बास!’’ समोरचा म्हणतो, ‘‘सगळं बोगस आहे. शून्य होणार बघ.’’ मग एक पेटंट मोजतो, दुसरा तोटा मोजतो आणि चहा गार होतो. आमच्या हॉस्टेलखाली हा वाद इतक्यांदा ऐकलाय की दोन्ही बाजू पाठ झाल्यात. हसून सोडूनही दिला असता. पण आमच्या ग्राफीनवाल्याने त्यात पुढच्या सेमिस्टरच्या फीचे नऊ हजार घातलेत.

माझं मत विचाराल तर दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडतायत. का, ते कळण्यासाठी थोडं लांब, कॅनडात जाऊ.

नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या डार्टमथमध्ये मेटा मटेरियल्स नावाची कंपनी होती. मेटामटेरियल म्हणजे असा पदार्थ, ज्याचे गुण त्याच्या रसायनापेक्षा त्याच्या अतिसूक्ष्म रचनेतून येतात. नक्षी प्रकाशलहरीपेक्षाही बारीक असेल तर प्रकाश हवा तसा वळवता येतो, अडवता येतो. यात हवेतलं काही नाही. 2006 मध्ये ड्यूक विद्यापीठात याच तत्त्वावर मायक्रोवेव्हपासून वस्तू ‘लपवण्याचा’ प्रयोग झाला होता. या कंपनीकडे वैमानिकांचे डोळे लेझरच्या झोतापासून वाचवणारा चष्मा होता, काचेसारखी पारदर्शक पण वीज वाहून नेणारी फिल्म होती, नोटांची नक्कल रोखणारं तंत्रज्ञानही होतं. चष्म्यासाठी तर एअरबससोबत काम झालं होतं.

म्हणून ‘बोगस आहे’ म्हणणारा मित्र वादात नेहमी हरतो. चष्मा खरा असतो ना! आणि चष्मा खरा निघाला की दुसऱ्याला वाटतं, शेअरही खरा.

नॅस्डॅकवर यायला कंपनीने शॉर्टकट घेतला. जून 2021 मध्ये टॉर्चलाइट एनर्जी या टेक्सासमधल्या, आधीच लिस्टेड असलेल्या तेल-वायू कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं. गेमस्टॉपची हवा तेव्हा ताजी होती. उधार घेतलेले शेअर विकून भाव पडण्यावर पैज लावणाऱ्या शॉर्टवाल्यांना आपण सामान्य लोक कोंडीत पकडू शकतो, असं जगभरातल्या पोरांना वाटत होतं. भाव चढला की शॉर्टवाल्याला घाबरून परत खरेदी करावी लागते, त्याने भाव आणखी चढतो. हाच तो शॉर्ट स्क्वीझ. टॉर्चलाइटचा शेअर वर्षाच्या सुरुवातीला एक डॉलरच्याही खाली होता. जूनमध्ये तो दहा डॉलरच्या वर गेला. ‘विकू नका, धरून ठेवा, वॉल स्ट्रीटला धडा शिकवू’ असा माहोल होता.

आता खरी गंमत. गंमत कसली म्हणा. त्याच महिन्यात टॉर्चलाइटने नवे शेअर थेट बाजारात विकून 13 कोटी 75 लाख डॉलर उभे केले. लोकांना वाटत होतं आपण कंपनीच्या बाजूने लढतोय, आणि पलीकडून शेअर विकणाऱ्यांत खुद्द कंपनी होती! पुढे जून 2024 मध्ये एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या सेबीने, दोन्ही कंपन्यांच्या माजी सीईओंवर आरोप ठेवला की हा स्क्वीझ पेटवून चढ्या भावात पैसा उभा करायचा, हाच बेत होता. आरोप मान्य किंवा अमान्य न करता मेटा मटेरियल्सने 10 लाख डॉलर दंड भरायची तयारी दाखवली.

मधली तीन वर्षं छोटे गुंतवणूकदार भांडत राहिले. अनेकांनी पेटंटचे कागद खरोखर वाचले होते. त्यांना मूर्ख म्हणणं मला पटत नाही. आपण शेअर घेण्याआधी एवढं तरी वाचतो का? पण प्रयोगशाळेतली फिल्म कारखान्यातून रोल होऊन बाहेर यायला वर्षं लागतात. नमुने द्या, ग्राहकाच्या चाचण्या पार करा, प्रमाणपत्रं मिळवा, मशिनरी लावा. तोवर विक्री तुटपुंजी आणि पगार मात्र दर महिन्याला. मग पैसा येणार कुठून? नवे शेअर छापून. पिठलं तेवढंच, पंगतीतली पानं वाढत गेली. यात कुणी खलनायक असायचीही गरज नाही.

नॅस्डॅकवर भाव सलग 30 कामकाजाचे दिवस एक डॉलरखाली राहिला की नोटीस येते. त्यावर कंपनीने जानेवारी 2024 मध्ये 100 शेअरचा एक शेअर केला. ज्याने पाच डॉलरने हजार शेअर घेतले होते, त्याच्याकडे उरले दहा. मुद्दल परत मिळायला त्या दहांतला प्रत्येक शेअर आता 500 डॉलरला जायला हवा. कागदावर भाव ‘वाढलेला’ दिसत होता, ते वेगळंच. ऑगस्ट 2024 मध्ये कंपनी चॅप्टर 7 मध्ये गेली. त्यात कंपनी वाचवत नाहीत, जे आहे ते विकून देणी फेडतात. रांगेत आधी तारण घेऊन बसलेले सावकार, मग कर्मचारी आणि इतर देणेकरी. शेअरहोल्डर सगळ्यात शेवटी.

रांगेत शेअरहोल्डर शेवटी, हे आपल्याकडेही तसंच आहे. 2021 मध्ये मुंबईच्या डीएचएफएलचा घास पिरामलने घेतला तेव्हा कंपनी चालू राहिली, कर्जं चालू राहिली, पण जुन्या शेअरची किंमत शून्य ठरली. निकाल आल्यावर दुसऱ्या दिवशीही शेअर अप्पर सर्किटला होता. ‘पिरामल आलाय, आता उडणार’ म्हणत लोक घेत होते. पिरामल खरंच आला होता, फक्त त्यांच्या शेअरसाठी आला नव्हता.

त्यामुळे टपरीवर ‘ग्राफीन जग बदलेल का’ हे विचारूच नका. बदलेलही. विचारा की बँकेतली रोकड किती महिने पुरेल? दोन वर्षांत शेअरची संख्या कितीने वाढली? प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकलेत का, ते विकतायत का? त्यासाठी कुणाची टिप लागत नाही. बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला येतो, कॅश फ्लोचा तक्ता सहा महिन्यांनी. पंधरा मिनिटांचं काम. आणि हो, लोअर सर्किट लागलं की ‘विका’ बटण दाबूनही घ्यायला कुणी नसतं, हेही आधी माहीत असू द्या.

गेल्या आठवड्यात मी आमच्या ग्राफीनवाल्याला विचारलं, ‘‘कंपनीकडे किती महिन्यांच्या पगाराचे पैसे आहेत रे?’’

तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘‘पेटंट सतरा आहेत.’’