शेजारच्या जमिनीचा आधार

शहरात जमिनीचा भाव जसजसा चढत गेला, तसतशी इमारत आकाशाकडे वाढता वाढता भूगर्भातही उतरू लागली, आणि वाहनतळासाठी दोन-तीन मजल्यांची तळघरे खणणे ही सर्रास गोष्ट झाली. परंतु इमल्याच्या उंचीची नगरपालिकेच्या दप्तरात जेवढी दखल घेतली जाते, तेवढी खड्ड्याच्या खोलीची घेतली जात नाही. 2018 च्या जूनमध्ये मुंबईत वडाळा येथे शेजारील खोदाईलगतची जमीन खचून रहिवाशांच्या मोटारी ढिगाऱ्याखाली गेल्या. पुढच्याच वर्षी, 29 जूनच्या पहाटे, पुण्यातील कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण, त्यांत लहान मुलेही, प्राणांस मुकले.

अशा वेळी पावसाला बोल लावणे सोयीचे असते. वस्तुतः कोरडा मुरूम उभा कापला तरी काही काळ तग धरतो, आणि तेवढ्यावर विसंबून कंत्राटदार आधाराचा खर्च पुढे ढकलतो. पाणी मुरले म्हणजे मातीचा भार वाढतो, कणांची पकड सुटते, आणि भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याचा दाब त्यात भर घालतो. खड्ड्याच्या काठाला समांतर, पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून धावणारी केसाएवढी चीर ही त्याची पहिली सूचना असते. ती सिमेंटने बुजवून जमीन थांबत नाही.

उपाय अज्ञात नाहीत. पायलिंगची सलग भिंत, तिला अँकरचा ताण, पाण्याला वाट आणि शेजारच्या इमारतींवर मापनयंत्रे, ही तजवीज दक्षिण मुंबईच्या जीर्ण चाळींलगत भुयारी मेट्रो खणताना करता येते, तर खासगी प्लॉटवर का होऊ नये? जमिनीला तिच्या नैसर्गिक अवस्थेत शेजारच्या भूमीचा आधार मिळण्याचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केला आहे. मात्र दिवाणी कोर्टाची पायरी चढेपर्यंत खड्डा कोणासाठी थांबत नाही.

म्हणून हा मामला बिल्डर व त्याचा कंत्राटदार यांच्यावर सोडून चालणार नाही. आधारभिंतीचा नकाशा स्वतंत्र अभियंत्याने तपासल्याखेरीज खोदाईची परवानगी देऊ नये, मोजमापांची नोंद शेजारच्या सोसायटीस दर आठवड्यास मिळावी, आणि ज्या खड्ड्याचा आधार मे अखेरपर्यंत पुरा झालेला नाही, त्याची खोदाई पावसाळाभर बंद ठेवावी.