झुकलेले शिक्के

जपानी कंपन्यांच्या कारभाराविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाला तेथील आजन्म नोकरीचे आणि कंपनीनिष्ठेचे अतोनात कौतुक. दुसऱ्याला वाटते की संचालक मंडळावर बाहेरची माणसे बसवली म्हणजे सारे दोष धुऊन निघतील. आम्हाला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

जपानी व्यवस्थापक स्वतःला भागधारकांचा पगारी मुनीम मानत नाही. तरुणपणी कंपनीत शिरलेला माणूस पायरीपायरीने चढत संचालक होतो आणि संस्थेचा विश्वस्त म्हणून वावरतो. निर्णयाचा मसुदा, म्हणजे ‘रिंगी’, खालून निघतो आणि एकेकाचा शिक्का घेत वर जातो. शासकीय सेवेत हयात घालवलेल्या आम्हाला हे चित्र परके नाही. ज्या नस्तीवर दहा सह्या, तिची जबाबदारी एकाचीही नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तरी आमच्या टिपणीत भिन्न मत लिहिण्यास निदान जागा असे. जपानी कार्यालयांत, विशेषतः बँकांत, कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे किंचित झुकवून उमटवण्याचा शिष्टाचार होता. दोषाचे मूळ आम्हाला या झुकण्यात दिसते.

तोशिबाचेच पाहा. 2003 मध्ये कायद्याने मुभा मिळताच तिने समिती-पद्धती स्वीकारली, बाहेरचे संचालक घेतले. आदर्श म्हणून तिचे नाव घेतले जाई. 2015 मध्ये उघड झाले की सुमारे सात वर्षांत दीडशे अब्ज येनांहून अधिक नफा फुगवून दाखवला होता. वरून ‘चॅलेंज’ या नावाने अशक्यप्राय उद्दिष्टे येत. खालचे व्यवस्थापक आकडे जुळवून देत. वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध जाता येत नाही अशीच तेथील रीत होती, असे चौकशी समितीने नोंदवले. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्षपद तर कंपनीच्याच माजी वित्तप्रमुखाकडे होते!

आता ऑलिंपस घ्या. 2011 मध्ये तिचे अध्यक्ष मायकेल वुडफर्ड यांनी कंपनी-खरेदीत दिलेल्या अवाजवी रकमांबद्दल प्रश्न विचारले. 14 ऑक्टोबरला संचालक मंडळाने त्यांना एकमताने दूर केले. पुढे 1990 च्या दशकापासूनचा तोटा दडवला गेल्याचे सिद्ध झाले. वुडफर्ड परदेशी खरे, पण त्याच उद्योगसमूहात सुमारे तीन दशके वाढलेले. म्हणजे ‘नाही’ म्हणणारा माणूस आतलाच होता.

कोणी म्हणेल, 2015 च्या संहितेने किमान दोन स्वतंत्र संचालक सुचवले, 2021 मध्ये प्रमुख बाजारातील कंपन्यांसाठी हे प्रमाण एक तृतीयांशावर नेले. आणखी काय हवे? उपाय चांगलाच आहे. परंतु आतला माणूस जेवढे दाखवील तेवढेच बाहेरच्याला दिसणार. ज्याच्या हाती खरा आकडा आहे, त्या मधल्या व्यवस्थापकाला नकार लेखी नोंदवता आला पाहिजे, आणि त्यासाठी त्याची बढती अडता कामा नये. निष्ठा असावी ती संस्थेशी, साहेबाशी नव्हे. शिक्का सरळ उमटू लागेल, तेव्हाच कारभार सुधारला असे आम्ही मानू.