‘बाईच असणार!’

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझ्या भाचीने गाडी घेतली. परवाना हातात येऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. मी शेजारी बसले होते, हातात भाजीची पिशवी, तोंडात रामरक्षा. आमच्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला. शेजारच्या स्कूटरवरचे एक गृहस्थ हेल्मेटची काच वर करून आत डोकावले आणि म्हणाले, ‘‘तरीच! म्हटलं बाईच असणार.’’ गंमत म्हणजे त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. एखादा जुना सिद्धान्त पुन्हा एकदा खरा ठरल्याचे समाधान होते.

भाचीने शांतपणे किल्ली फिरवली, गाडी सुरू केली. पुढच्या वळणावर एक टेम्पो रस्त्याच्या मधोमध आडवा पडला होता. ती म्हणाली, ‘‘मावशी, बघ. याला कुणी म्हणालं का, पुरुषच असणार?’’

नेमके त्याच दिवसांत मी अमेरिकेतल्या एका जुन्या विमान शर्यतीविषयी वाचत होते. हौशीने वाचते मी असले काही. आणि वाचता वाचता लक्षात आले, की आमच्या चौकातले ते वाक्य बरेच जुने आहे. ते शंभरेक वर्षांपूर्वी आकाशातही म्हटले गेले होते.

तारीख १८ ऑगस्ट १९२९. तो दिवसही रविवारच होता. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथून २० वैमानिक स्त्रियांची शर्यत सुरू झाली. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडपर्यंत जायचे, अंतर सुमारे पावणेतीन हजार मैल, मुदत नऊ दिवसांची. त्या काळात सबंध अमेरिकेत विमान चालवण्याचा परवाना असलेल्या स्त्रिया मोजून शंभराच्या आसपास. स्त्रियांची अशी लांब पल्ल्याची शर्यत तोवर कधी झालीच नव्हती. म्हणजे शंभर तास एकट्याने उडवल्याची अट पुरी करून आलेल्या असल्या, तरी अशा शर्यतीत त्या सगळ्या जणी नवख्याच होत्या. त्यातली ग्लॅडिस ओडॉनेल ही तर त्याच वर्षी परवाना मिळालेली.

शर्यत ठरवणाऱ्यांची सुरुवातीपासूनच द्विधा मनःस्थिती. रॉकी पर्वत ओलांडणे बायकांना झेपेल का? मग शर्यत पर्वताच्या अलीकडूनच सुरू करू या. किंवा प्रत्येकीबरोबर वाट दाखवायला एक पुरुष देऊ या. बायकांनी दोन्ही सूचना धुडकावल्या. ओपल कुन्झ नावाच्या बाईंचे स्वतःचे विमान होते, ते त्या रोज चालवत होत्या. पण ते बाईच्या हाताला फार शक्तिमान आहे असे ठरवून त्यांना दुसरे, कमी ताकदीचे विमान आणायला लावले. विनोदी लेखक आणि नट विल रॉजर्स यांनी शर्यतीला ‘पावडर पफ डर्बी’ म्हटले. पावडरच्या डबीतला तो मऊ गोंडा असतो ना, तो पफ. नाव इतके चिकटले की पुढे पन्नास वर्षे सुटले नाही.

आता त्या उड्डाणाची कल्पना करून पाहा. बऱ्याच विमानांची कॉकपिट उघडी. रेडिओवरून वाट सांगणारे कोणी नाही. मांडीवर रस्त्यांचा नकाशा, समोर होकायंत्र, आणि चुकलेच तर खाली रेल्वेचा रूळ शोधायचा आणि त्याच्या कडेकडेने जायचे. बरोबर पॅराशूट, तीन दिवसांची शिदोरी आणि पिण्याचे पाणी, कारण अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उतरावे लागले तर कोण कधी सापडवील याचा भरवसा नाही. रात्री मुक्कामाला पोचले की सत्कार, भाषणे, मेजवान्या. पहाटे उठून पुन्हा इंजिनाशी झटापट.

दुसऱ्याच दिवशी मार्व्हल क्रॉसन गेली. भावाबरोबर नौदलाच्या मोडीतले विमान विकत घेऊन, जोडून, उडायला शिकलेली ही मुलगी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने जवळजवळ २४ हजार फुटांवर जाऊन स्त्रियांचा उंचीचा विक्रम केला होता. अ‍ॅरिझोनात तिचे विमान कोसळले. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूने ती बेशुद्ध पडली असावी, असे मानले जाते. तसे मानायला कारणही आहे. त्याच कंपनीच्या, तशाच विमानातून आलेली लुईस थॅडन शर्यतीच्या आधी त्याच धुराने बेजार झाली होती. म्हणून तिच्या विमानात बाहेरची हवा थेट तोंडावर आणणारी एक नळी बसवून घेतली होती. एका नळीचा प्रश्न होता. पण हे शांतपणे समजून घेण्याइतका धीर कोणाला? एका धनाढ्य तेल-उद्योजकाने जाहीर करून टाकले, की बायकांना हे जमत नाही हे आता सिद्ध झाले, शर्यत तातडीने बंद करा. वर्तमानपत्रांनीही त्याचीच री ओढली.

इथे मला दोन वर्षे मागे जाऊन एक हिशेब मांडायचा आहे. १९२७ साली कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांपर्यंत एक शर्यत झाली होती, डोल शर्यत म्हणून ती प्रसिद्ध आहे. तयारीत, शर्यतीत आणि मागाहून हरवलेल्यांच्या शोधात मिळून दहा जीव गेले. विमाने चालवणारे सारे पुरुष. बेटावर पोचली फक्त दोन विमाने. त्या शर्यतीवर टीका पुष्कळ झाली, पण ती आयोजकांवर, घाईवर, अपुऱ्या तयारीवर. पुरुषांना विमान चालवता येत नाही, असा निष्कर्ष मात्र कोणी काढला नाही.

पुरुष चुकला तर तो माणूस चुकतो, बाई चुकली तर सगळी बाईजात चुकते. माझ्या मते अन्यायाचे खरे मूळ इथे आहे. नकार, बंदी, हे सगळे नंतरचे. नकाराविरुद्ध भांडता तरी येते. पण आपल्या प्रत्येक लहानसहान चुकीची जबाबदारी आपल्यासारख्या लाखोंच्या डोक्यावर पडणार आहे, हे ओझे घेऊन शिकायचे कसे? शिकणे म्हणजेच तर चुकणे.

त्या बायकांनी शर्यत थांबवली नाही. मार्व्हलसाठी म्हणून पुढे जायचे ठरवले. आणि पुढे गेल्या त्या चुकत माकतच गेल्या, हे मला फार आवडते. आपल्याकडे अशा कथा सांगताना सगळ्यांना झाशीच्या राण्या करून टाकतात. पण पाहा ना: अमेलिया इअरहार्टसारखी नावाजलेली वैमानिक युमा गावी उतरताना विमानाचे नाक वाळूत रुतवून बसली, पुढचा पंखा वाकला. दुसरा पंखा येईपर्यंत बाकीच्या बायका थांबून राहिल्या. शर्यत होती, तरी थांबल्या! बॉबी ट्राऊट इंधन संपून मेक्सिकोच्या हद्दीत पडली. तीन दिवस दुरुस्तीत घालवून पुन्हा निघाली. रूथ एल्डरचा नकाशा वाऱ्याने उडून गेला आणि ती वाट विचारायला गुरांच्या कुरणात उतरली. पँचो बार्न्स या दणकट बाईंचे विमान पेकॉसला उतरताना धावपट्टीवर आलेल्या मोटारीला धडकले. ब्लँच नॉइज हिच्या विमानात टेक्सासच्या आकाशात आग लागली. मिळेल त्या माळावर उतरून तिने वाळूने ती विझवली, हात भाजले, आणि त्याच हातांनी पुन्हा विमान उडवून ती पेकॉसला पोचली. एकीला मध्येच टायफॉइड झाला. रूथ निकल्स तर शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी, कोलंबसला, धावपट्टीच्या कामावरच्या यंत्रावर आदळली. सुदैवाने वाचली.

२६ ऑगस्टला क्लीव्हलँडला लुईस थॅडन पहिली आली. उड्डाणाचा वेळ सुमारे सव्वावीस तास. त्याच वर्षी परवाना मिळालेली ओडॉनेल दुसरी, आणि जगप्रसिद्ध इअरहार्ट तिसरी. छोट्या विमानांच्या गटात फीबी ओम्ली पहिली. १४ जणींनी शर्यत रीतसर पूर्ण केली. बॉबी ट्राऊटही पोचली, पण तिचा वेळ धरला गेला नाही.

एवढ्याने प्रश्न मिटला असे वाटते का? १९३३ साली शिकागोच्या शर्यतीत विमानाच्या पंखाचे कापड फाटून फ्लोरेन्स क्लिंगेनस्मिथ मरण पावली आणि १९३४ साली प्रतिष्ठेच्या बेंडिक्स शर्यतीत स्त्रियांना बंदी आली. कापड फाटले, शिक्षा बायकांना. तेव्हा इअरहार्टने क्लीव्हलँडच्या शर्यतींच्या उद्घाटनासाठी नटी मेरी पिकफर्डला विमानाने घेऊन जायला साफ नकार दिला. बंदी लवकरच उठली, आणि १९३६ साली थॅडन आणि हात भाजलेली ती ब्लँच नॉइज अशा दोघी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या बेंडिक्स शर्यतीत उतरल्या. तिथे पहिल्या येणाऱ्या स्त्रीसाठी वेगळे बक्षीस ठेवले होते. उत्तेजनार्थ म्हणा ना! १४ तास ५५ मिनिटांनी त्या उतरल्या, तेव्हा आपण शेवटच्याच असणार असे समजून विमान गुपचूप बाजूला घेऊन चालल्या होत्या. अधिकारी मागून धावत आले. त्या सगळ्यांत पहिल्या होत्या. दुसरा क्रमांकही लॉरा इंगल्स या बाईचाच.

स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीची ही परंपरा अजून चालू आहे. १९४७ पासून सत्तरच्या दशकापर्यंत ती एका संस्थेने चालवली, १९७७ पासून ‘एअर रेस क्लासिक’ या नावाने होते. साधारण २,४०० मैल, चार दिवस, उड्डाण फक्त दिवसाउजेडी, प्रत्येक विमानात किमान दोन स्त्रिया. आता कोणी म्हणेल, आज वेगळी शर्यत कशाला? बायका जंबो जेट चालवतात, लढाऊ विमाने चालवतात. मलाही आधी तसेच वाटले होते. पण तिची रीत वाचली आणि मत बदलले.

तिथे कोण आधी पोचले याला महत्त्व नाही. प्रत्येक विमानाची क्षमता पाहून त्याला एक वेग ठरवून देतात. त्याला हँडिकॅप म्हणतात. आपल्या विमानाच्या ठरलेल्या वेगापेक्षा तुम्ही किती पुढे गेलात, त्यावर क्रमांक. म्हणजे जुने, साधे, संथ विमानही जिंकू शकते, आणि पहिले पोचलेले विमान हरू शकते. ठरलेल्या विमानतळावर वेळ मोजण्याच्या रेषेवरून खाली येऊन झेप घेत जायचे. घड्याळ त्या झेपेपासून पुढच्या झेपेपर्यंत. मधला जमिनीवरचा वेळ हिशेबात नाही, फक्त चौथ्या दिवसाची अखेरची मुदत पाळायची. त्यामुळे खरे कौशल्य असते ते थांबण्यात. वारा पाठीमागून मिळेल का, किती उंचीवर मिळेल, आता निघावे की दोन तास ढगांना जाऊ द्यावे. आपल्या आजीला पापड कधी वाळत घालावेत हे जसे कळायचे, तशी ही विद्या. पुस्तकात अर्धीच सापडते.

आणि या शर्यतीत पहिल्यांदाच उतरणाऱ्या दरवर्षी असतात. महाविद्यालयांचे संघ येतात, विशी-बाविशीतल्या मुली. काही पन्नाशीनंतर परवाना काढून आलेल्या. नवख्या जोडीला एक जुनी स्पर्धक मार्गदर्शक म्हणून देतात. तिला तिथे ‘मदर बर्ड’ म्हणतात, पक्षीण आई. ती शर्यत जिंकून देत नाही, चुका कशा निस्तरायच्या ते सांगते. नवखेपणाला जागा ठेवलेली, चूक झाली तर हसून पुढे जायची मुभा असलेली अशी एक जागा बायकांना हवीच, असे मला वाटते. बाहेर ती अजून मिळत नाही म्हणूनच.

आपल्याकडे काय आहे? सरला ठकराल यांनी १९३६ साली साडी नेसून एकटीने विमान उडवले. प्रेम माथुर यांना व्यावसायिक परवाना मिळाल्यावर अनेक कंपन्यांनी नकार दिला. प्रवासी घाबरतील, असे एकीने सांगितले. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले, आणि १९४९ साली त्यांनी राष्ट्रीय विमान शर्यत जिंकली. आज भारतात वैमानिकांपैकी शंभरात १२ ते १५ स्त्रिया आहेत. अमेरिकेतल्या प्रवासी कंपन्यांत हे प्रमाण पाच-सहाच्या आसपास. हे आपल्याला अभिमानाचे आहेच. तरी वर्तमानपत्र उघडले की अजून ‘पहिली महिला’ अमुक, ‘पहिली महिला’ तमुक. मथळे वाचून मी थोडी दमले आहे. पहिलीला हार घालायला सगळेच पुढे येतात. मला काळजी आहे ती तीनशे सत्ताविसाव्या मुलीची, जी बेताची हुशार आहे, जिचे विमान उतरताना जरा जोरात आपटते, आणि आपटल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी कुजबुजते.

परवा भाची एकटीच साताऱ्याला जाऊन आली. खंबाटकी घाटात गाडी दोनदा बंद पडली म्हणे. मी घाबरून विचारले, ‘‘मग? मागचे लोक काही बोलले का गं?’’

‘‘बोलले असतील,’’ ती म्हणाली. ‘‘मी काच वर केली होती, मावशी.’’