फॉरमॅटची घाई नको!

लक्ष्मीपुरीतील किराणा व्यापारी असो, शाहूपुरीतील गुळाचा अडत्या असो, की शिरोली औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीवाला. हिशेबाची लाल वही आता संगणकात गेली आहे आणि तिची प्रत खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये. महिन्याची २० तारीख उजाडते, जीएसटीचे ३-बी विवरणपत्र भरायचे असते, आणि नेमका त्याच दिवशी करसल्लागाराचा संगणक पेन ड्राइव्हला ओळखच दाखवत नाही! उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. त्यातच पडद्यावर प्रश्न येतो, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ घाईत कोणीतरी ‘हो’ दाबतो आणि वर्षभराचा हिशेब हातचा जातो.

आमचे स्पष्ट मत आहे की, यात नुकसान बिघाडाने होते त्यापेक्षा घाईने अधिक होते. कारण पुष्कळदा दोष वस्तूत नसतो, तो बाहेर असतो.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. मोबाईल चार्ज होतो म्हणून केबल चांगली, हा समज चुकीचा आहे. केबल ठीक असली तरी अँड्रॉइड मोबाईल बहुधा आधी फक्त चार्ज होतो. वरची सूचना खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. पोर्टेबल हार्ड डिस्कला वीज जास्त लागते. जुना यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. म्हणून हब काढून डिस्क थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावून पाहावी. दुसऱ्या संगणकावर ती उघडली, तर दोष आपल्या संगणकात आहे हे उघड झाले. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ड्राइव्ह दिसतो पण त्याला अक्षर नाही, असेही होते, अक्षर दिले की काम भागते. डिजिटल सहीचे टोकन चालत नसेल, तर आधी त्याचा ड्रायव्हर बसवला आहे का ते पाहावे.

मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अनेक दुकानांत झाले तसे तिच्यात पाणी शिरले असेल, तर ती पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. ते काम जाणकाराचे.

दुरुस्तीच्या धंद्यातील आपल्या तरुणांनाही एक सांगणे आहे. वस्तू हातात घेताच ‘आतली माहिती हवी आहे का?’ हे पहिल्यांदा विचारा. केबल बदलून काम होत असेल तर तसे सांगा. पन्नास-शंभर रुपये कमी मिळतील, पण गिऱ्हाईक कायमचे जोडले जाईल. या धंद्यात खरे भांडवल विश्वासाचेच आहे.

आणि व्यापारी बांधवांनो, तिजोरीची दुसरी किल्ली आपण घरी जपून ठेवतो, मग हिशेबाची दुसरी प्रत का नाही? दर शनिवारी दुकान बंद करताना दहा मिनिटे काढा; एक प्रत दुकानात, एक घरी. मग संगणकाने ओळख दाखवली नाही, तरी आपला धंदा अडणार नाही.