आदेशाने बंद राहिलेल्या दुकानदार व कामगारांना थेट आर्थिक साहाय्य मिळण्याबाबत निवेदन

दिनांक : २४ मे २०२१

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. विभागीय आयुक्त, अमरावती विभाग, अमरावती

विषय : टाळेबंदीच्या काळात अमरावती व अकोला येथील लहान आस्थापना आणि त्यांतील कामगार यांना बंदच्या दिवसांनुसार साहाय्य देणे.

महोदय,

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील लहान दुकानदार, कारागीर आणि त्यांच्याकडे काम करणारे कामगार असे आम्ही सारे मिळून हे निवेदन सादर करीत आहोत. मालक आणि नोकर यांनी एकाच कागदावर सह्या करण्याचे प्रसंग फार येत नाहीत. या वेळी दोघांचेही म्हणणे एकच आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की टाळेबंदीला आमचा विरोध नाही. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आमच्याच घरची माणसे दाखल होती. दुकाने बंद ठेवल्याने माणसे वाचत असतील, तर ती बंद राहिलीच पाहिजेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की सर्वांच्या जिवासाठी केलेल्या या बंदचा खर्च केवळ शटर ओढणाऱ्याने आणि त्याच्याकडच्या नोकरानेच का सोसावा?

वऱ्हाडाची गोष्ट उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे आणि ती शासनाने वेगळीच मोजली पाहिजे. दुसऱ्या लाटेची पहिली टाळेबंदी राज्यात आमच्याकडे लागली. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री ८ वाजता अमरावती आणि अचलपूर शहरे बंद झाली. त्याच आठवड्यात अकोला, अकोट आणि मूर्तिजापूरची बाजारपेठ थांबली. अमरावतीत ही बंदी पुढे ८ मार्चपर्यंत वाढली. तेव्हा मुंबई-पुण्याची दुकाने उघडी होती. राज्यभर बिगर-अत्यावश्यक दुकाने बंद झाली ती ५ एप्रिलपासून, म्हणजे सहा आठवड्यांनी. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यांत पुन्हा अधिक कडक संचारबंदी आली. असे असूनही १३ एप्रिलला आपण जाहीर केलेल्या ५,४७६ कोटी रुपयांच्या मदतीत वऱ्हाडाने आधीच भोगलेल्या या दिवसांचा उल्लेख नाही.

कापड बाजाराचे उदाहरण देतो. अमरावतीच्या नागपूर रस्त्यावरील बिझिलँड व सिटीलँडच्या घाऊक पेठेतून आणि अकोल्याच्या कापड बाजारातून आसपासच्या तालुक्यांत माल जातो. पाडवा, अक्षय तृतीया, लग्नसराई आणि ईद या हंगामावर त्या दुकानांचे वर्ष निघते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा पहिलाच दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला तेव्हाही शटर खालीच होते. यंदा अक्षय तृतीया आणि रमजान ईद हे दोन्ही सण १४ मे रोजी आले आणि दोन्ही कडक संचारबंदीत गेले. सलग दोन वर्षांचा हंगाम बुडाला. माल उधारीवर भरलेला आहे, गाळ्याचे भाडे सुरू आहे, विजेच्या बिलातला स्थिर आकार सुरू आहे. मंडप-डेकोरेशनवाले, आचारी, बँडवाले, शिंपी, सलूनवाले आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांवर वर्ष काढणारे रसवंतीवाले यांची अवस्था याहून बिकट आहे, कारण त्यांच्याकडे विकायला शिल्लक मालही नाही.

एप्रिलच्या मदतीबद्दल आम्ही शासनाचे आभारी आहोत. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकाम करणाऱ्या भगिनी, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर झाले, मोफत धान्य आणि शिवभोजन मिळाले. मात्र रोजगार हमीची आजची मजुरी दिवसाला २४८ रुपये आहे. त्या दराने १,५०० रुपये म्हणजे सहा दिवसांची मजुरी होते. शिवाय ज्याची नोंद आहे त्यालाच ही मदत मिळणार. दुकानातला नोकर कोणत्या यादीत आहे? २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज नाही, केवळ सूचना दिली की पुरते. कामगार विमा योजनाही अशा लहान दुकानांपर्यंत पोहोचत नाही. जवाहर रोडवर किंवा गांधी रोडवर वीस वर्षे काउंटर सांभाळणारा माणूस शासनाच्या एकाही वहीत नाही, म्हणून तो मदतीतही नाही.

केंद्र शासनाने २९ मार्च २०२० रोजी मालकांना आदेश दिला होता की बंदच्या काळातही पूर्ण वेतन द्या. तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. आधी भार दुकानदारावर टाकला, नंतर तो कामगारावर गेला. शासनाने स्वतःकडे वाटा घेतला नाही. त्यानंतर जे आले ते मुख्यतः कर्ज होते : जुन्या कर्जदारांना हमीचे नवे कर्ज, फेरीवाल्यांना १०,००० रुपयांचे कर्ज. मिळकत थांबलेल्या माणसाच्या नावावर आणखी कर्ज लिहिणे याला आम्ही साहाय्य मानत नाही. ब्रिटनने घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारी तिजोरीतून दिला. तेवढी ऐपत आपल्या राज्याची नाही, हे आम्ही जाणतो. तत्त्व मात्र तेच असावे.

हे तत्त्व आपल्या कायद्यात आहेच. ज्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या आधारे आमची दुकाने बंद झाली, त्याच अधिनियमाच्या कलम १२ मध्ये उपजीविकेची साधने पूर्ववत करण्यासाठी साहाय्य देण्याचा उल्लेख आहे आणि कलम १३ मध्ये कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याची तरतूद आहे. दंडाचे कलम ५१ आमच्या चौकाचौकांत लागू झाले. कलम १२ आणि १३ ही लागू व्हावीत.

आणि महाराष्ट्राला हे नवे नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालावी म्हणून १९७५ साली व्यवसाय कर सुरू झाला. खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळावे यासाठी तेव्हापासून शहरातला दुकानदार आणि पगारदार हा कर भरत आला आहे. मेळघाटातील मजुरांना या संकटात त्याच योजनेच्या कामांनी आधार दिला, याचा आम्हाला आनंद आहे. आज काम थांबलेला मजूर शहरातही आहे. हमीचा हात त्याच्यापर्यंत पोहोचावा.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, आदेशाने बंद राहिलेल्या आस्थापनांतील प्रत्येक कामगाराला बंदच्या प्रत्येक दिवसासाठी रोजगार हमीच्या दराने रक्कम थेट बँक खात्यात द्यावी. एकट्याने धंदा करणाऱ्या कारागिरालाही ती मिळावी. अमरावती, अचलपूर, अकोला, अकोट व मूर्तिजापूरसाठी हे दिवस फेब्रुवारीपासून मोजावेत. नोंदणी नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. महानगरपालिकेच्या झोन कार्यालयांत आणि नगरपरिषदांत पंधरा दिवस नोंदणी कक्ष उघडून मालकाचा दाखला व शिधापत्रिका ग्राह्य धरावी.

दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांचा बंद काळातील विजेचा स्थिर आकार माफ व्हावा. गेल्या वर्षी तो फक्त पुढे ढकलला होता, भरावा लागलाच. महानगरपालिका व नगरपरिषदांच्या गाळ्यांचे त्या महिन्यांचे भाडे आणि दोन वर्षांचा व्यवसाय करही सोडावा. जानेवारीत बांधकाम क्षेत्राला अधिमूल्यात ५० टक्के सवलत देण्याचा निर्णय शासनाने घेतला. लहान दुकानदाराची मागणी त्यामानाने माफक आहे.

कर्जाबाबत राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक आपण स्वतः घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ५ मे रोजी जाहीर केलेली पुनर्रचना योजना ३० सप्टेंबरपर्यंत खुली आहे. अग्रणी बँकांमार्फत तालुकानिहाय शिबिरे लावल्याशिवाय ती आमच्यापर्यंत येणार नाही. बचत गटांतील महिलांकडून सूक्ष्म कर्जाचे आठवडी हप्ते दारात उभे राहून वसूल केले जात आहेत. जिल्हाधिकाऱ्यांनी ही वसुली बंद काळापुरती थांबवावी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबलेल्या अचलपूरच्या फिनले मिलमधील कामगारांच्या वेतनाचा प्रश्नही राज्याने केंद्राकडे लावून धरावा.

सध्याच्या निर्बंधांची मुदत १ जूनला संपत आहे आणि त्यापाठोपाठ पेरणी येईल. वऱ्हाडची बाजारपेठ कापूस-सोयाबीनच्या पैशावर चालते आणि पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. दुकाने उघडली तरी दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक येणार नाही. तेव्हा या मागण्यांवर १ जूनपूर्वी निर्णय घेऊन तसा शासन निर्णय काढावा, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील लहान दुकानदार, कारागीर व कामगार

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. जिल्हाधिकारी, अमरावती, मा. जिल्हाधिकारी, अकोला, मा. आयुक्त, अमरावती व अकोला महानगरपालिका